जमीन आपली, खनिज कुणाचे?

आपल्या घरात लोखंड किती आहे, याचा हिशेब कोणी कधी मांडला आहे काय? स्वयंपाकघरातला तवा आणि विळी, खिडकीचे गज, दागिने ठेवायचे कपाट, मुलांची सायकल, आणि ज्या छपराखाली आपण निर्धास्त झोपतो त्या छपरातल्या सळया. हे सारे लोखंड कुठल्या तरी डोंगराच्या पोटातून आलेले असते. तो डोंगर फोडायला कोणीतरी परवानगी दिलेली असते. त्यासाठी कोणीतरी अर्ज केलेला असतो, कोणीतरी तो तपासलेला असतो आणि शेवटी एका करारावर सह्या झालेल्या असतात. त्या सह्या होईपर्यंत कागद किती दारांतून फिरतो, आणि त्यांतल्या कुठल्या दाराशी तुम्हाआम्हाला उभे राहता येते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही आणि वकीलही नाही. उभी हयात बँकेत गेली, त्यामुळे कंटाळवाणे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय मात्र अंगी मुरली. दक्षिण कोकणात आमचे वडिलोपार्जित घर आहे. चुलतभाऊ तेथे सुपारीची बाग सांभाळतात. बागेच्या वरच्या अंगाचा डोंगर खनिजाचा निघाला, आणि ही सवय माझ्या कामी आली. गेली दोन वर्षे कायद्याची पुस्तके चाळून, कचेऱ्यांचे जिने चढून जे समजले, ते वाचकांपुढे सोप्या शब्दांत ठेवतो. शहरात राहणाऱ्या, पण गावच्या सातबाऱ्यावर अजून नाव असलेल्या कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा.

सातबाऱ्यावर नाव आमचे, पण...

पहिला धक्का सातबाराच देतो. जमीन आपली म्हणजे जमिनीखालचेही आपले, असा आपला भाबडा समज. विहीर खणली तर पाणी आपले, मग दगड का नाही? पण १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे ४८ वे कलम सांगते की, जमिनीतील खाणी व खनिजे यांवर राज्य सरकारचा हक्क आहे. म्हणजे वरची माती, तिच्यावरची झाडे आणि घर तुमचे. खालचे खनिज सरकारचे. एकाच जागेला असे दोन धनी असतात.

हा नियम देशात सर्वत्र एकसारखा आहे असेही नाही. केरळातल्या मलबार भागातील काही जमीनमालक हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या पूर्वापार जन्मी हक्कांत खनिजाचाही समावेश होतो आणि कोणत्याही कायद्याने तो काढून घेतलेला नाही, असा निकाल न्यायालयाने २०१३ साली दिला. पण लक्षात घ्या, मालकी तुमची असली तरी खाण खणायला परवानगी लागतेच. खनिज कुणाचे हा एक प्रश्न, आणि ते काढायची मुभा कुणाला हा दुसरा. या दोहोंची गल्लत केली की पुढचे सगळे चुकते.

मुभेचा कायदा आहे १९५७ चा खाण व खनिज कायदा. तो १ जून १९५८ पासून अंमलात आला. घटनेने खनिजांचा विषय केंद्र आणि राज्य या दोघांतही विभागला आहे. राज्याच्या यादीत तो आहे, पण संसद कायद्याने जेवढे नियंत्रण केंद्राकडे घेईल तेवढे वगळून. म्हणून वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड अशा गौण खनिजांचे नियम राज्य करते. लोहखनिज, मँगनीज, बॉक्साइट, चुनखडी अशा मोठ्या खनिजांचे नियम दिल्लीत होतात, पण खाणपट्टा राज्य सरकारच देते. सासरचा कारभार सासूच्या हाती आणि तिजोरीची किल्ली सासऱ्यांच्या कमरेला, असाच हा प्रकार!

पहिला अर्ज, पहिला मान

खाणपट्टा म्हणजे ठराविक जागेतून ठराविक खनिज ठराविक मुदतीपर्यंत काढण्याचा करार. एका राज्यात एका खनिजासाठी एका माणसाला साधारणतः १० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त क्षेत्र मिळत नाही. केंद्राने विशेष कारणासाठी सवलत दिली तर गोष्ट वेगळी.

२०१५ पर्यंत हा पट्टा अर्जावर मिळे. नियम होता, जो आधी येईल त्याचा आधी विचार. १९६० च्या नियमांनुसार छापील नमुन्यात अर्ज करायचा, शुल्क भरायचे, नकाशा जोडायचा, जुनी थकबाकी नाही असा दाखला द्यायचा. एकाच जागेसाठी एकाच दिवशी अनेक अर्ज आले, किंवा सरकारने जाहिरात देऊन अर्ज मागवले, तर तुलना करायची. तुलनेच्या कसोट्या कायद्याच्या ११ व्या कलमात दिलेल्या होत्या. अर्जदाराला या धंद्याचे विशेष ज्ञान आणि अनुभव आहे का? त्याच्यापाशी पैसा आहे का? त्याचे तंत्रज्ञ कसे आहेत? तो खाणीत आणि खनिजावर चालणाऱ्या उद्योगात किती भांडवल घालणार आहे? लोहखनिजासारख्या महत्त्वाच्या खनिजांना त्याशिवाय केंद्राची पूर्वसंमती लागे. संमती मिळाली की राज्य सरकार अर्जदाराला नेमके क्षेत्र कळवी, मग तो खाणकामाचा आराखडा तयार करून मंजूर करून घेई, आणि त्यानंतर करारनामा होई.

ऐकायला हे सारे नीटनेटके वाटते. बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना आम्हीही हेच पाहत असू: माणूस कसा, पत कशी, अनुभव काय. पण एक फरक होता. बँकेत व्याजाचा दर ठरलेला असे. येथे डोंगराची खरी किंमत काय, हे कुणी विचारतच नव्हते. अब्जावधींचे खनिज अनुभव आणि योग्यता अशा मोजता न येणाऱ्या मापांवर वाटले जात होते. जेथे माप नसते तेथे मर्जी शिरते, हे कुठल्याही कारकुनाला विचारा.

कोळशाच्या बाबतीत हे उघड्यावर आले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनची कोळसा क्षेत्रांची वाटणी बेकायदा व मनमानी ठरवली, आणि सप्टेंबरात २१८ पैकी २१४ क्षेत्रांची वाटणी रद्द केली.

शेजारच्या गोव्याचा धडा

पण आम्हा कोकणी माणसांना कोळशापेक्षा जवळचे उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीज अमलात १९०६ च्या त्यांच्या कायद्याखाली गोव्यात खाणींच्या सवलती दिल्या गेल्या, त्याही बेमुदत. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पण त्या सवलती तशाच चालू राहिल्या. शेवटी १९८७ साली संसदेने कायदा करून त्या रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांना भारतीय कायद्याखालचे खाणपट्टे मानले. सवलतींना पट्ट्याचे रूप आले, म्हणजेच त्यांना मुदतही आली. आणि मुदत आली की ती कधीतरी संपणार, हे ओघाने आलेच.

ती संपली, पण उत्खनन थांबले नाही. नूतनीकरणाचे अर्ज सरकारदरबारी पडून राहिले आणि डोंगर रिकामे होत राहिले. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरात पुढे आला. त्याच महिन्यात गोवा सरकारने खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने गणित मांडून दाखवले: हे मानीव पट्टे २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपले, पहिले नूतनीकरण जास्तीत जास्त २० वर्षांचे, ते २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपले, त्यानंतर काढलेले खनिज बेकायदा. वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादाही घातली, आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितली. डोंगर म्हणजे मुद्दल आहे, व्याज नव्हे, हे जणू न्यायालयाने बजावले. बँकेतल्या माणसाला हे वाचून किती बरे वाटले असेल, ते वाचकांनीच ताडावे!

पुढची कथा आणखी बोलकी आहे. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने वटहुकूम काढून लिलावाची पद्धत आणली. त्याच्या आधीच्या अवघ्या दोन-सव्वादोन महिन्यांत गोवा सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले, त्यातले अनेक अगदी शेवटच्या आठवड्यात. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व ८८ नूतनीकरणे रद्द केली, आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद पडल्या.

याचा भुर्दंड कुणाला? मांडवी-जुवारीतून मुरगावला माल नेणाऱ्या बार्जवाल्यांना, कर्ज काढून ट्रक घेतलेल्या तरुणांना आणि वाटेवरच्या हॉटेलवाल्यालासुद्धा. ज्यांनी कागद नीट केला नाही त्यांच्यापेक्षा, ज्यांचा कागदाशी संबंधच नव्हता त्यांचे हाल अधिक. अर्जाची तपासणी नीट होणे ही केवळ पर्यावरणवाल्यांची किंवा सरकारी तिजोरीची काळजी नव्हे. खाणीवर पोट असलेल्या माणसाचीही ती पहिली गरज आहे. गोव्यात लिलाव झाले ते २०२२ च्या डिसेंबरात, म्हणजे मधली जवळजवळ पाच वर्षे गेली.

आता हातोडा ठरवतो

२०१५ च्या दुरुस्तीने जुने बहुतेक अर्ज एका फटक्यात अपात्र ठरले. आता सरकार आधी डोंगराची परीक्षा करून घेते. वरवरच्या पाहणीपासून दाट वेधछिद्रे घेऊन केलेल्या तपशीलवार पाहणीपर्यंत तिच्या चार पायऱ्या आहेत. खनिज किती व कसे याचा पुरेसा पुरावा असेल तर थेट खाणपट्ट्याचा लिलाव होतो. पुरावा कमी असेल तर शोध आणि खाण यांचा मिळून संयुक्त परवाना लिलावात निघतो.

लिलाव संगणकावर चालतो. बोली रुपयांत नसते. काढलेल्या खनिजाच्या किमतीपैकी किती टक्के सरकारला देणार, ही बोली. खनिजाची किंमत बोली करणाऱ्याने सांगायची नाही. भारतीय खाण ब्यूरो दरमहा सरासरी विक्रीदर जाहीर करते, तो धरायचा. हे ब्यूरो १९४८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. आधी बंद पाकिटासारखी पहिली बोली. तिच्यातून वरचे बोलीदार निवडून दुसरी, चढती बोली. तांत्रिकदृष्ट्या पात्र बोलीदार पहिल्या खेपेला तिनाहून कमी निघाले, तर तो लिलाव रद्द.

ही चढाओढ कुठवर जाते? ओडिशात २०२० साली लोहखनिजाच्या काही पट्ट्यांना शंभर टक्क्यांहूनही अधिक बोली लागली! म्हणजे सरकारी दराने १०० रुपयांचा माल काढला की सरकारला १०० हून अधिक द्यायचे, वर स्वामित्वधन वेगळे. आमच्या घरी हे सांगितल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "मग तो खाणवाला खाणार काय?" प्रश्न अगदी योग्य होता. स्वतःच्या पोलाद कारखान्याला माल हवा असणारा कदाचित तोटा सोसेल. पण अशा बोलीनंतर खर्च वाचवण्याचा मोह कुठे होईल, यावर नजर ठेवावी लागेल. लिलावाने किमतीचा प्रश्न सुटला. डोंगर तेथे फोडावा की नाही, हा प्रश्न लिलाव सोडवू शकत नाही.

म्हणूनच लिलाव जिंकणे म्हणजे खाण मिळणे नव्हे. हातोडा पडला की बोलीदार 'पसंतीचा' ठरतो. अंदाजित खनिजसाठ्याच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्याइतकी आगाऊ रक्कम त्याने हप्त्यांनी भरायची असते. पहिला हप्ता आला की त्याला इरादापत्र मिळते. आपल्याकडे साखरपुडा झाला म्हणजे लग्न झाले असे नव्हे, तसेच हे. मध्ये बऱ्याच अटी आहेत. पहिली अट खाणकामाच्या आराखड्याची. खनिज कोठून, किती वेगाने काढणार, माती कोठे टाकणार, आणि शेवटी खड्ड्याचे काय करणार, हे त्यात लिहायचे. खाण बंद करण्याची योजना खाण सुरू होण्यापूर्वीच द्यावी लागते, हे मला फार शहाणपणाचे वाटले. दुसरी अट पर्यावरण मंजुरीची. आणि येथे तुमच्याआमच्यासाठी दार उघडते.

मंडपातली चार तासांची सभा

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीच्या पायऱ्या ठरवल्या. मोठ्या प्रकल्पाला आधी अभ्यासाचे मुद्दे आखून दिले जातात. मग प्रकल्पवाला तज्ज्ञांकडून पर्यावरण अहवालाचा मसुदा करून घेतो. त्यावर जनसुनावणी होते. मग सगळे बाड तज्ज्ञ समितीपुढे जाते, आणि समितीची शिफारस लक्षात घेऊन मंजुरी किंवा नकार मिळतो.

जनसुनावणीचे नियम मी तीनदा वाचले. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यायची, त्यातले एक पत्र स्थानिक भाषेतले हवे. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी ठेवायचा, त्याचा सारांश स्थानिक भाषेतही हवा. सभा प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची. अध्यक्ष जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खाली दर्जा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. सर्व सभेचे चित्रीकरण करायचे. गणसंख्येची अट नाही: चार माणसे आली तरी सभा झाली! हे शेवटचे वाक्य प्रत्येक गावकऱ्याने लक्षात ठेवावे. बहिष्कार घातला म्हणून सुनावणी 'झालीच नाही' असे होत नाही.

आमच्या भावाच्या गावची सुनावणी शाळेच्या पटांगणात मंडप घालून झाली. अहवाल मी आधी वाचला होता. त्यात आमच्या बागेला पाणी पुरवणाऱ्या ओहोळाला 'हंगामी' म्हटले होते, म्हणजे पावसाळा सरला की आटणारा. एकाच हंगामात घेतलेल्या नोंदींवर अहवाल बेतण्याची रीत आहे. नोंदी घेणाऱ्यांनी ओहोळ पाहिला तो खालच्या अंगाला, जेथे पाणी पाटाने बागांकडे वळवलेले असते. तेथे पात्र कोरडे दिसणारच. हंगामी ओहोळावर परिणाम 'नगण्य', असा निष्कर्ष पुढच्या पानावर होता. एका शब्दावर चाळीस घरांच्या बागा उभ्या होत्या.

सभेत पहिला एक तरुण उठला. तो खाणीच्या बाजूने बोलला, आणि तळमळीने बोलला. "आमच्या पिढीनं किती दिवस मुंबईच्या खोलीत दहा-दहा जणांनी राहायचं? गावात काम आलं तर आईबापांपाशी राहीन." लोकांनी गलका केला, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना गप्प बसवले, ते योग्यच केले. नंतर एक म्हातारी उठली आणि एवढेच म्हणाली, "व्हाळाक मे म्हयन्यातय पाणी आसता. वाचलंनी कोणी?"

मग आमचे दादा उभे राहिले. त्यांच्या हातात पाण्याच्या पाळ्यांची वही होती. सुपारीच्या बागांना पाटाचे पाणी कुणी कोणत्या दिवशी, किती वेळ घ्यायचे, याची नोंद आमच्याकडे वर्षानुवर्षे ठेवतात. भांडणे टाळायला ठेवलेली वही. तीत एप्रिल-मेच्या पाळ्याही होत्या, वर्षामागून वर्षे. ओहोळ हंगामी असता तर मे महिन्यात पाळ्या लावल्या कशाच्या? दादा चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यांनी पाने वाचून दाखवली आणि वहीच्या प्रती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवल्या.

चार तासांनी सभा संपत आली. नियमाप्रमाणे कामकाजाचा गोषवारा सभेपुढे वाचून दाखवावा लागतो, स्थानिक भाषेत समजावून सांगावा लागतो आणि अध्यक्षांनी त्याच दिवशी त्यावर सही करावी लागते. वाचन सुरू झाले. 'काही ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली', एवढेच त्यात होते. वही कुठेच नव्हती. लोक उठून चपला शोधू लागले होते. दादांनी हात वर केला आणि नियमच सांगितला: मांडलेली मते जशीच्या तशी नोंदवायची आहेत, वहीचा आणि तिच्या प्रतींचा उल्लेख हवा. दोन मिनिटे कुजबुज झाली. अध्यक्षांनी कारकुनाकडून ती ओळ घालून घेतली, पुन्हा वाचायला लावली आणि मगच सही केली.

त्या एका ओळीचा उपयोग झाला. तज्ज्ञ समितीने पुढच्या बैठकीत ओहोळाचा आणि भूजलाचा सर्व ऋतूंतला अभ्यास नव्याने करायला सांगितला. तो अभ्यास पुरा व्हायचा आहे. निर्णय काय होईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित खाण होईल, पण ओहोळाचे डोके सोडून होईल. कदाचित होणारही नाही. पण जे होईल ते 'हंगामी' या एका चुकीच्या शब्दावर होणार नाही, एवढे दादांनी साधले.

वने, ग्रामसभा आणि शेवटची सही

जमीन वनाची असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. आधी तत्त्वतः, अटी पुऱ्या झाल्या की अंतिम. बदली झाडे लावणे, वनाची किंमत भरणे या अटी त्यात आल्या. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याचे पालन हवे. या बाबतीत ओडिशातल्या नियमगिरीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथे बॉक्साइटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या डोंगरावरचे धार्मिक व सामुदायिक हक्क काय आहेत ते ग्रामसभांनी ठरवावे. बारा ग्रामसभा बसल्या. बाराही जणींनी खाण नाकारली. पुढे २०१४ च्या जानेवारीत केंद्रानेही मंजुरी नाकारली.

यानंतर पाणी व हवा यांच्या कायद्यांखाली प्रदूषण मंडळाची संमती. हे सर्व हाती आले की खाण विकास व उत्पादन करार होतो आणि शेवटी खाणपट्ट्याचा करारनामा. लिलावातला असा पट्टा ५० वर्षांचा असतो. तो संपला की नूतनीकरण नाही, पुन्हा लिलाव. पर्यावरण मंजुरी कुणाला अन्यायाची वाटली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. उशिराला सबळ कारण दिले तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ पुण्याला आहे.

आणि जमीनमालकाचे काय? पट्टा मिळाला म्हणून कुणाला तुमच्या बागेत फुकट यंत्रे घालता येत नाहीत. जमिनीच्या वरच्या भागाच्या वापरापोटी व नुकसानीपोटी पट्टेदाराने भरपाई द्यावी, आणि ती सरकारने ठरवावी, अशी तरतूद कायद्याच्या २४अ कलमात आहे.

लोहखनिजाचे स्वामित्वधन २०१४ पासून किमतीच्या १५ टक्के ठरले. त्याखेरीज लिलावातल्या पट्टेदाराने स्वामित्वधनाच्या १० टक्के, आणि २०१५ पूर्वीच्या पट्टेदाराने ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरायची. हा पैसा खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण यांसाठी आहे. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: स्वामित्वधन म्हणजे कर नव्हे, आणि खनिजयुक्त जमिनीवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे.

कागद सांभाळा

हे सारे वाचून कुणी म्हणेल, एवढी दारे असताना खाणीबद्दल एवढी ओरड का? माझे उत्तर असे की, दारे पुष्कळ आहेत, पण बहुतेक दारांशी फक्त अर्जदार उभा असतो. जेथे गावकऱ्याला उभे राहता येते तेथे तो पोचत नाही. पोचला तर रिकाम्या हाताने, नुसता संताप घेऊन पोचतो. संताप नोंदवला जात नाही. सर्व्हे नंबर नोंदवला जातो, झाडांची संख्या नोंदवली जाते, पाण्याची पाळी नोंदवली जाते.

म्हणून, शहरातल्या वाचकहो, या दिवाळीत गावी गेलात तर फराळ आटोपल्यावर दोन तास काढा. सातबारा आणि फेरफार पाहून घ्या. वारसांची नावे लागली आहेत का ते बघा. विहिरी, झरे, पाणंदी, देवराई, जुनी झाडे यांचे फोटो तारीख घालून घ्या, तेही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात निरनिराळे. ग्रामपंचायतीच्या फलकावर काय लागते ते कळवायला गावातल्या एखाद्या शिकल्या मुलाला सांगून ठेवा. खाण हवी असे तुमचे मत असले तरीही हे करा; कारण नीट तपासून दिलेली खाणच टिकते, आणि टिकणाऱ्या खाणीतच नोकरीही टिकते.

लोखंड आपल्याला हवेच आहे. तव्यावाचून भाकरी नाही. पण कायद्याने डोंगराची किंमत विचारायला २०१५ पर्यंत वाट पाहिली. त्याच डोंगराखालच्या पाण्याची किंमत त्याला सांगायचे काम अजून तरी गावकऱ्याचेच आहे, आणि ते लेखी सांगावे लागते.